ढगाळ दिवसांची प्लेट

पत्रूच्या दुकानात दोन प्लेटा होत्या. एक शाळेच्या पाटीहून थोडी मोठी, दुसरी खिडकीच्या झडपेएवढी. आमच्या ह्यांनी मोठीवर हात ठेवला आणि मला तिथंच कळलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

साल सत्त्याऐंशी, पुसाचा महिना. आदल्या दिवाळीत ह्यांनी पोंभुर्ण्याच्या घरातला फोटो स्टुडिओ बंद केला आणि एक जुनी मॅटॅडोर घेतली. मागच्या भागात फळीचा पलंग, स्टोव्ह, चार भांडी, पडदा. आठवडी बाजार जिथं असेल तिथं गाडी लावायची, दिवसभर फोटो काढायचे, रात्री तळ्याच्या काठाला मुक्काम. मला हे हिंडणं आवडलं नव्हतं असं नाही. पण तीस वर्षं ज्या माणसाला पोंभुर्ण्याच्या बाहेर मुक्काम सोसत नव्हता, त्याला एकदम जंगलाची हौस का आली, हा प्रश्न मी मनात जपून ठेवला होता.

प्लेट लागत होती ती वेगळ्याच कारणानं. फ्लॅशगन, टेपरेकॉर्डर आणि संध्याकाळची छोटी ट्यूब, तिघंही गाडीच्या बॅटरीवर जगत होती. टेप आम्हाला चैन म्हणून नको होता. गाणं लावलं की फोटोला उभा राहिलेला माणूस जरा सैल होतो, नाहीतर सगळे पोलिसांपुढं उभे केल्यासारखे दिसतात. पण सकाळी गाडी सुरू व्हायला तयार नसायची. बाजारातली माणसं धक्का मारायची आणि बदल्यात फुकट फोटो मागायची. म्हणून आम्ही गडचिरोलीला पत्रूकडं गेलो. उन्हावर बॅटरी भरणारी प्लेट तो नागपुराहून मागवून देतो, असं ऐकलं होतं.

पत्रूनं काउंटरवर खडूनं हिशेब मांडला. मी सातवी पास आहे, मला सगळा समजला.

"उजेडाले रोजचे चोवीस वॅट-घंटे, टेपले दहा, फ्लॅशले सहा. झाले चाळीस," तो म्हणाला. "आता हिवाळ्यात ऊन पाच तास पक्कं. चाळीसले पाचानं भागा, आठ. वायर खाते, बॅटरी खाते, त्याच्यासाठी निम्मे अजून धरा, बारा. बारा वॅटची प्लेट पाह्यजे. माह्याजवळ लहानी वीसची आहे, लय झाली. चाळीसची घेऊन का करता भाऊ? अर्धा करंट वाया जाईन."

"मोठीच दे," हे म्हणाले. "ढगाळ दिवसासाठी असू दे."

"ढग? पुसात?" पत्रू हसला आणि माझ्याकडं पाहून म्हणाला, "बाई, तुमीच सांगा."

मी पाहत होते. ह्यांनी मोठी प्लेट घेतली, वर लांबलचक वायरही घेतली. तेवढ्या वायरीत गाडीतून उजेड काढून शेजारच्या घरात नेता आला असता.

मनात आलेला शब्द तोच होता, शेजारचं घर.

तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवले. प्लेट टपावर बसली. गाडी एका झटक्यात सुरू व्हायला लागली, टेप वाजवून वाजवून मी कंटाळले, तरी बॅटरी भरलेलीच. जास्तीचा करंट कुणाच्या वाट्याचा होता? आमच्या वाटेवर एकच जागा अशी होती जिथं हे कामाशिवाय थांबायचे. मुलचेऱ्याच्या बाजारात चंदाबाईचं चहाचं आणि तळलेल्या माशांचं हॉटेल. विधवा बाई, चाळिशीची, हसरी. हॉटेल म्हणजे कुडाच्या चार भिंती आणि त्यात संध्याकाळी धुरकटलेला कंदील. हे मासे मागवायचे, आणि मला म्हणायचे, "तू गाडीतच बस, धूर लागते तुले." एवढी काळजी माझी कधीपासून?

मला तेव्हा भांडण करायचं नव्हतं. खरं सांगते, मला घरी जायचं होतं. आमची सत्यशीला चंद्रपूरला दिलेली, जावई कोळशाच्या खाणीत कारकून. तिला दिवस गेले होते आणि श्रावणात ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं येणार होती. पोंभुर्ण्याच्या घराची मागची खोली मी मनात कितीदा सारवून ठेवली होती. खाट कुठं, शेगडी कुठं, तिच्या डोक्याशी दिवा कुठं, सगळं ठरलेलं. चैत्र लागला की गाडी परसात उभी करायची आणि तयारीला लागायचं. आणि अशा वेळी हा माणूस माशांच्या धुरात बसून हळू आवाजात बोलणार असेल, तर मी गप्प बसायचं होतं का?

माघात पुन्हा मुलचेऱ्याचा बाजार आला. हे हॉटेलात गेले. मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. हे बोलत होते, हातानं काहीतरी दाखवत होते, लांबी-रुंदी. चंदाबाईनं मान हलवली, मागच्या उंचवट्याकडं बोट केलं. दोघंही उठून ती जागा पाहून आले.

दुपारी हे एका बंगाली कुटुंबाचे फोटो काढायला गावात गेले, तशी मी पदर खोचला आणि हॉटेलात शिरले.

"चंदाबाई, आमचे हे का बोलून राह्यले होते तुमच्यासंग?"

ती बटाटे कापत होती. माझ्या आवाजातलं सगळं तिला कळलं असणार, पण तिनं ते मनाला लावून घेतलं नाही.

"तुमाले नाई सांगतलं? पावसाळ्यात गाडी कुठी ठेवाव म्हणून विचारत होते. मी म्हटलं, मागचा टेकाड मुरमाचा आहे, चाक फसत नाई. पाण्याची हापसी जवळ आहे. वर ताडपत्री बांधून देऊ म्हटलं."

"पावसाळ्यात?"

"हाव. ज्येष्ठापासून. तुमी इथीच राह्यणार ना बाई? भाऊ म्हणले, पोरगीही येऊन राह्यली बाळंतपणाले. सुईणीचंही विचारत होते. इथी आहे एक, झिंगू नावाची, लय हुशार आहे."

मी तिथंच बाकावर बसले. चंदाबाईनं न मागता चहा आणून ठेवला. मी तिच्याबद्दल दोन महिने जे जे मनात आणलं होतं, ते तिच्या चहासोबत घशाखाली उतरेना.

ढगाळ दिवसांसाठी, असं हे म्हणाले होते. मी ते खोटं धरलं होतं. ते खरं होतं. मी तिथंच बोटांवर पत्रूचा हिशेब पुन्हा मांडला. पावसाळ्यात ऊन कितीसं, दोन तासांचं धरा. चाळीसला दोनानं भागा, वीस. निम्मे अजून, तीस. तीस वॅटची प्लेट लागते. मोठी प्लेट पावसाळ्यासाठीच होती. ज्यांना पावसाळ्यात घर आहे त्यांना अशी प्लेट लागत नाही.

दहा वॅट अजूनही उरत होते. ते कशाला, हे मला कळलं नाही.

हे परत आले तेव्हा मी गाडीच्या दारात उभी होते.

"घर कुठी गेलं?"

ह्यांनी कॅमेरा गळ्यातून काढला आणि पुन्हा गळ्यात घातला.

"कोणतं घर?"

"पोंभुर्ण्याचं. आपलं."

हे गाडीच्या पायरीवर बसले.

"भाऊनं दिवाळीत कागद केला. पोराचं लगन आहे, त्याले खोल्या पाह्यजे म्हणे. मी माह्या हिश्श्यावर सही देली. गाडी त्याच बदल्यात आली."

भाऊ म्हणजे माझे भासरे, दादाजी, ह्यांचे थोरले भाऊ. आमचं सामान उंदीर लागतात म्हणून त्यांच्या खोलीत रचलं होतं, असं मला सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला होता. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणारी मी, त्या एकाच गोष्टीवर विश्वास ठेवून बसले होते.

"सही देली. मले न विचारता."

"मोठा भाऊ आहे, अंजना. त्यानं शिकवलं मले. त्याच्या तोंडावर नाई कसं म्हणू?"

"आन माह्या तोंडावर सांगाले का झालं होतं?"

"तुह्या तोंडाचाच तं भेव वाट्टे."

दुसरा दिवस असता तर मी हसले असते. ह्यांचं चंदाबाईवर प्रेम बसलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं. बाईला हाकलून देता येतं. सही कशी हाकलणार?

"पोरगी इथी बाळंत होणार? गाडीत? सडकेच्या काठाले?"

"मी सारं धरलं आहे," हे घाईघाईनं म्हणाले, जणू त्यानं माझं समाधानच होणार होतं. "पत्रूनं नाई धरलं, पण मी धरलं. गाडीच्या मीटरमधला बल्ब असते ना, लहानसा? तो तिच्या डोक्याशी रातभर राहीन. बाळंतिणीचा दिवा विझू द्याचा नाई, तूच म्हणत होतीस. ढग असले तरी विझणार नाई. म्हणून तं मोठी प्लेट. अन् गाडीत गर्मी झाली, ताडपत्रीखाली खाट टाकावी लागली, तं बल्ब तिथवर जावा म्हणून लांब वायर."

उरलेल्या दहा वॅटांचा हिशेब लागला. मला रडू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं मी फक्त दार धडकन लावलं. या माणसानं माझ्या लेकीच्या उशाशी दिवा मोजून घेतला होता. तिच्या डोक्यावरचं छप्पर मात्र भावाच्या एका शब्दावर देऊन टाकलं होतं.

"उद्या चंद्रपूरले चाला," मी आतूनच म्हणाले. "विहीणबाईसमोर तुमीच सांगाचं. मी एक शब्द बोलणार नाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही आष्टीच्या पुलावरून चंद्रपूरला गेलो. जावयाच्या क्वार्टरपुढं गाडी लागली, तशी सत्यशीला धावत बाहेर आली, आणि मागून तिच्या सासू बायनाबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणते. जयभीम झाला, पाणी झालं. मी भिंतीला टेकून बसले आणि ह्यांच्याकडं पाहत राहिले.

ह्यांनी एकदाचा घसा साफ केला. "विहीणबाई, एक गोठ सांगाची होती. श्रावणात पोरीले आमच्याकडं नेतो म्हटलं होतं, पण आमाले आता..."

"बाबा, असू द्या," सत्यशीला म्हणाली. "मले माहीत आहे."

"का माहीत आहे?" मी विचारलं. शब्द न बोलण्याचं वचन तिथंच मोडलं.

"घराचं. दादाजी मोठे बाबा दिवाळीनंतर इथी आले होते, त्यायनंच सांगतलं. दिवस राह्यल्याचं कळलं तसं मी आत्याबाईसंग बोलून घेतलं, बाळंतपण इथीच करू म्हणून." तिनं मान खाली घातली. "पण बाबाचं पत्र आलं, प्लेट घेतली, तुह्या उशाशी दिवा राहीन. एवढ्या खुशीत लिहिलं होतं. मले नाई म्हणवलं नाई."

बायनाबाई माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "तुमी आषाढातच या राह्याले, बाई. आपलंच घर आहे."

त्या चांगल्या मनानं म्हणाल्या, पण मला ते लागलं. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला मी तिच्या सासरी पाहुणी म्हणून जाणार होते. आणि भासरे, नवरा, लेक, विहीण, सगळ्यांना हे महिनोन् महिने ठाऊक होतं. मी तिकडं एका परक्या बाईच्या कंदिलावर डोळा ठेवून बसले होते. माझ्या घरात नाही म्हणता न येणारी दोन माणसं आहेत, आणि त्या दोघांनी मिळून मला एकटं पाडलं.

सत्यशीला माझ्याजवळ सरकली आणि माझा हात तिनं आपल्या पोटावर ठेवला. मी तो काढून घेतला नाही. पण तिच्याकडं पाहणंही मला जमलं नाही.