मामाघरी नांदणारी किडनी

भावाला किडनी दिली तेव्हा भूल उतरता उतरता नणंद म्हणाली होती, "माझी पोर धाडलीय, नीट नांदवा." तेव्हापासून घरात किडनीला पोरच म्हणत. नवरा उन्हातून आला की भावजय ओरडायची, "अहो, आधी पोरीला पाणी पाजा!"

आता तो अतिदक्षता विभागात होता. तोंडात नळी, छातीत फ्लूचा विषाणू. बाहेरच्या बाकावर भावजयीला नणंदेला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती ओठांवर येत नव्हती.

"बोल की," नणंद म्हणाली. ती शिवणकाम करायची. "तोंडात टाचण्या धरल्यासारखी काय बसलीस?"

"डॉक्टरबाई म्हणतात, किडनीच्या औषधानं अंगातले राखणदार पेंगुळलेत. म्हणून तर ते पोरीला परकी म्हणून हाकलत नाहीत. पण मग विषाणूलाही कोण अडवणार? लस दिली होती, तीसुद्धा पेंगणाऱ्यांच्या कानात सांगितल्यासारखी. अर्धीमुर्धीच लागली."

"मग?"

"औषध थांबवू म्हणतात. राखणदार जागे होतील, विषाणूला घालवतील." भावजयीनं ओढणीचं टोक चुरगाळलं. "पण पोरीवरही धावून जातील. ताई, तुमचं देणं..."

नणंदेचा हात आपसूक कुशीवरच्या व्रणाकडे गेला.

"पोर भावासाठी धाडली," ती म्हणाली. "भाऊ काही पोरीसाठी नाही धाडला. जा, हो म्हण त्यांना."

"सर्दी माझीच लागली हो त्यांना. लस त्यांना एकट्यांना दिली. आपण म्हटलं, आपल्याला काय धाड भरलीय!"

"आपण म्हटलं ना? त्यात मीही होते. सगळं एकटीच रडू नकोस, थोडं मला ठेव."

औषध थांबलं. अंगाला हळूहळू जाग आली, श्वास मोकळा होत गेला, नळी निघाली. पण खाटेला अडकवलेली लघवीची पिशवी कोरडी पडू लागली. नणंद आत आली की भावाच्या तोंडाआधी त्या पिशवीकडे वाकायची आणि पुटपुटायची,

रुसू नको, बाई, जरी जागले शिपाई,
मामाघरी परकं नाही कुणी तुला.

विषाणू ओसरला तसं डॉक्टरबाईंनी औषध बेताबेतानं पुन्हा सुरू केलं. एका सकाळी पिशवीच्या नळीत पिवळा थेंब उतरला. त्यामागे दुसरा. मग बारीक धार. नणंदेनं नर्सला मिठीच मारली.

"लघवीचं एवढं कौतुक मी जन्मात नाही पाहिलं," नर्स हसत म्हणाली.

त्याला घरी न्यायच्या आधी दोघी लस घ्यायला बसल्या. त्याचं अंग लसीचं पुरतं ऐकायचं नाही, तर निदान भोवतालच्यांनी ऐकावं. पण भावजयीची बाही दंडावर सरकेना.

"कुणी शिवलाय हा ड्रेस?" लस देणारी वैतागली.

"ह्या ताईंनीच."

"तेव्हा ही काडी होती," नणंद म्हणाली, आणि पर्समधली कात्री काढून स्वतःच घातलेली शिवण तिनं टचाटच उसवली.

दंडावर कापूस दाबून दोघी त्याच्याकडे आल्या. नळीनं त्याचा घसा बसलेला, बोलवत नव्हतं. त्यानं पोटावर हात ठेवला आणि डोळ्यांनीच विचारलं.

"रुसली होती थोडी," नणंद म्हणाली. "आता नांदतेय."