नेट कमी आहे

मनालीने राउटरची वायर उपसून काढली आणि टेस्ट पुन्हा लावली. एकोणचाळीस वेळा हिरवी खूण आली, चाळिसाव्या वेळी लाल.

"घ्या. आता सांगा नेटचा दोष," ती स्क्रीनलाच म्हणाली.

ब्राउझरमध्ये व्हिडिओ येत असताना पानाने 'थांब' म्हटलं, की पुढचा एकही तुकडा आत येता कामा नये. हे थांबवणं मनालीचं काम, त्याची टेस्टही तिचीच. थांब म्हटल्यावरही क्वचित एक तुकडा घुसत होता. पुण्याच्या टीम लीडने, भागवतने, सकाळी एका ओळीत विषय निकालात काढला होता: 'तुझ्याकडच्या नेटमुळे होतंय. टेस्ट बंद कर, उद्या रिलीज आहे.'

टेस्टला नेट लागतच नव्हतं. तुकडे पाठवणारा आणि घेणारा, दोघंही याच लॅपटॉपच्या आत. सात वर्षं ब्राउझरचं इंजिन लिहिणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? मलकापुरात घरून काम करते म्हटलं की यांची अक्कल तिथेच गहाण पडते. तिची कानशिलं तापली.

"इतकी काऊन भडकली वं?" खाटेवर मेथी निवडत बसलेल्या वडिलांनी, कचरूंनी, विचारलं.

"तो म्हनते, आपल्याकडचं नेट खराब हाये. माह्या टेस्टवर भरोसाच नाही त्याचा."

"तूच त सांगतं त्यायले रोज. नेट कमी हाये, कॅमेरा लागत नाही म्हनून."

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात भागवतने मनालीचं आडनाव दोनदा उच्चारून विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही नेमके कोण?" तिने "वरवट बकालकडचे" एवढंच सांगितलं होतं. त्या दिवसापासून, दोन वर्षं, नेट कमी होतं.

चारच्या मीटिंगला पाच मिनिटं होती. तिने वायर परत लावली. कचरू उठले, तिच्यामागे स्टूल ओढून वर चढले आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला त्यांनी हात घातला.

"बाबा, काय करून राह्यले?"

"काढून ठेवतो. तुही मीटिंग होईस्तोर."

म्हणजे कॅमेरा का लागत नाही, ते त्यांना माहीत होतं. तिला स्वतःची इतकी चीड कधीच आली नव्हती.

"राहू द्या. तिरपा झाला तो, सरळ करा अन् उतरा."

ते उतरल्यावर तिने कॅमेरा सुरू केला.

"अरे वा, मनाली," भागवत म्हणाला. "आज नेट चांगलं दिसतंय."

"नेट दोन वर्षं चांगलंच होतं," ती म्हणाली. "आता टेस्ट बघा."