सातवा प्रश्न

आमच्या घरात मला मापाडी म्हणतात. नाव बाबांनी ठेवलेलं. लहानपणी जेवायला बसलं की दादाच्या ताटात किती पडलं आणि माझ्या ताटात किती, हे मी चमच्याने मोजायचे आणि कमी निघालं तर घर डोक्यावर घ्यायचे. पुढे मी आहारतज्ज्ञ झाले, हॉस्पिटलात नोकरीला लागले आणि लोक माझ्याकडून मोजून घ्यायला रांगा लावू लागले, तेव्हा बाबा म्हणाले, "घ्या! भांडखोरपणाची आता पदवी मिळाली."

बावीस वर्षं झाली त्याला. हॉस्पिटलच्या प्रत्येक मजल्यावर माझी पत्रकं लावलेली आहेत. भाजी किती वेळ शिजवावी, तेलाची बाटली ओट्यापासून लांब का ठेवावी, उरलेलं अन्न कसं गार करून फ्रीजमध्ये टाकावं, सगळं सोप्या भाषेत. लोक मला दुकानात थांबवून विचारतात आणि मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू?

माझ्या खोलीत एकच कायदा आहे. आधी फॉर्म, मग सल्ला. चौदा प्रश्नांचा फॉर्म मी स्वतः तयार केलाय. समोर कुणीही बसो, चौदा उत्तरं लिहिल्याशिवाय मी त्याला काकडीसुद्धा खायला सांगत नाही. गेल्या वर्षी माझ्या हाताखालच्या एका मुलीने घाईत सातवा प्रश्न सोडला होता. मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का, आणि रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत, असा तो प्रश्न. मी तिची सगळ्यांसमोर अशी हजेरी घेतली की ती रडत घरी गेली. "तुझ्या आळसापायी एखाद्याचा जीव जाईल," असं मी तिला म्हणाले होते. मला वाक्य न् वाक्य आठवतंय.

दीड महिन्यापूर्वी मी दादाच्या घरी निळा डबा घेऊन गेले. आई गेल्यापासून बाबा त्याच्याकडेच असतात आणि स्वयंपाक वहिनी करते. डब्यात कमी सोडियमचं मीठ होतं. बाबांचं ब्लडप्रेशर वाढलेलं, त्यामुळे घरातलं साधं मीठ मी वहिनीच्या देखत कचऱ्यात ओतलं आणि निळा डबा ओट्यावर ठेवला.

वहिनीने चिमूटभर जिभेवर ठेवलं. "ताई, मागून कडवट लागतंय हो."

"जिभेचे लाड पुरे झाले आता."

"पण यात असतं काय?"

"वहिनी, तू फोडणी घाल. काय असतं ते मी बघते."

बाबांनी सूपचा पहिला घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला. "हे मीठ नाही, मिठाची नुसती बातमी आहे," ते म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, पण डबा हलवला नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचे पाय दुखायला लागले. दुखण्यापेक्षा जड झालेत, म्हणाले. जिना चढताना पाय आपले वाटतच नाहीत. मी फोनवरच निदान करून टाकलं. अशक्तपणा! मग रोज दोन केळी, दुपारी टोमॅटोचं सूप, सकाळी संत्र्याचा रस. वहिनी बिचारी सगळं करत होती. रविवारी मी तपासणीला जायचे, फ्रीज उघडायचे, डबे हुंगायचे, वहिनीच्या डोक्यावर मिरी वाटायचे आणि जेवून परत यायचे.

परवाच्या रविवारी आम्ही पानावर बसलो होतो. सूप, उकडलेले बटाटे, पालकाची भाजी. माझ्या पत्रकातल्यासारखं रंगीत ताट. वहिनीने हाक मारली तरी बाबा खिडकीजवळच्या खुर्चीतून उठले नाहीत.

"बाबा, चला. सूप गार होतंय."

"उठवत नाहीये गं."

"रोज चाललात तर उठवेल. दिवसभर खुर्चीत बसायचं आणि मग पायांच्या नावाने ओरडायचं."

त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर टेकले, अर्धे उठले आणि धपकन मागे बसले. मला वाटलं नाटक करतायत. त्यांना ती सवय आहे. मी हाताला धरून ओढायला गेले, तर त्यांचं मनगट गार आणि ओलं लागलं. नाडी बघितली. एक ठोका, मग इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं माझंच बोट चुकलंय. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. दादाने त्यांना उचललं तेव्हा त्यांचे पाय कपड्यांसारखे लोंबत होते.

गाडीत मी मागे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात यादी करत होते. हृदय, मेंदू, साखर. ताट माझ्या यादीत नव्हतं.

आम्ही माझ्याच हॉस्पिटलात गेलो. तातडीच्या विभागातली डॉक्टर माझ्या ओळखीची. शिकत असताना माझ्या व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसायची. बाबांना पडद्याआड घेतलं, छातीला तारा लावल्या, रक्त काढलं. थोड्या वेळाने ती हातात कागदाची पट्टी घेऊन धावतच बाहेर आली.

"मॅडम, पोटॅशियम सात पॉइंट एक आहे. हृदय कुठल्याही क्षणी थांबू शकतं. इंजेक्शनं सुरू केलीत. किडनी निम्म्याहूनही कमी काम करतेय आणि हे आजचं दुखणं नाही. त्यात ब्लडप्रेशरची जी गोळी आहे, तीही पोटॅशियम वाढवते. आणि..." ती जरा थांबली. मला विचारायचा तिला संकोच वाटत होता. "घरी साध्या मिठाऐवजी दुसरं काही वापरतात का?"

तिच्या मागे भिंतीवर माझं पत्रक होतं. हिरवी चौकट, वर मोठ्या अक्षरांत ‘मीठ बदला’. त्यातली शेवटची ओळ मला वाचावी लागली नाही, कारण ती मीच लिहिली होती. या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ते वापरू नये.

केळी. टोमॅटो. संत्री. बटाटे, पालक. पाय जड झाले म्हणून मी जे जे वाढवलं, त्या सगळ्यात तेच होतं. दीड महिना मी माझ्या बापाला मोजून मोजून तेच भरवत होते.

डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत होती. मी उत्तर देण्याआधीच मागून हुंदका आला. वहिनी भिंतीशी उभी होती, पदर तोंडावर.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मी फसवलं तुम्हाला. चहाच्या डब्यात साधं मीठ लपवलं होतं मी. सकाळी ताईंचं मीठ घालायचे, संध्याकाळी आमचं. बाबा ताट सरकवून द्यायचे हो, उपाशी झोपायचे. मला बघवेना."

दादा आधीच हादरलेला, आता त्याचा भडका उडाला. "ही इतकी शिकलेली बाई घसा फोडून सांगतेय आणि तू तिच्या मागे लपवालपवी करतेस? काही झालं बाबांना तर..."

वहिनी नुसती मान हलवत राहिली, जणू शिक्षा कबूल आहे.

मी गप्प होते. दोन श्वास, फार तर तीन. त्या दोन-तीन श्वासांत माझ्या मनात काय आलं ते मी इथे लिहिणार आहे, कारण दुसरीकडे कुठे लिहिण्याची माझी हिंमत नाही. माझ्या मनात आलं, की हिला तसंच वाटू दे. आज तरी. मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

"दादा, गप्प बस," मी म्हणाले. "साध्या मिठाने काही झालेलं नाही. माझ्या मिठाने झालंय. केळी, सूप, रस, सगळ्याने. मी दिलेल्या सगळ्याने. वहिनीने संध्याकाळी लपवाछपवी केली म्हणून तर आपण इथवर तरी आलो."

वहिनीने पदर खाली घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्याशी परक्या भाषेत बोलले होते. डॉक्टरने मान खाली घालून कागदावर सगळं लिहून घेतलं. केळी किती, रस किती, मीठ केव्हापासून. मी ग्लासाच्या मापासकट सांगितलं. माप मला चोख येतं.

सहा तास लागले. एकदा पडद्याआडचं मशीन लांबलचक ओरडलं आणि दादाने माझा हात इतका जोरात धरला की अजून बोट सुजलेलं आहे. मग रक्त यंत्रातून फिरवलं, ठोके हळूहळू जवळ आले आणि डॉक्टरने बाहेर येऊन म्हटलं, "आता ठीक आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या खोलीतून एक फॉर्म घेतला आणि वॉर्डमध्ये गेले. बाबा उशीला टेकून बसले होते. वहिनी त्यांना भात भरवत होती. मला बघून ती बाजूला व्हायला लागली. "बस गं, तूच भरव," मी म्हणाले.

"आली मापाडी," बाबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

मी स्टुलावर बसले. नाव, वय, वजन मला माहीत होतं, तरी विचारलं. त्यांनी शहाण्या पेशंटसारखं सगळं सांगितलं. झोप, भूक, पाणी. मग सातवा प्रश्न आला.

"मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का?"

बाबांनी घास गिळला. वहिनीच्या हातातला चमचा बाजूला केला.

"आहे. वर्ष झालं. डॉक्टरने सांगितलं त्याच संध्याकाळी तुला फोन केला होता."

"मला?"

"तुला. म्हटलं, अगं, किडनीचं काहीतरी निघालंय. तू म्हणालीस, बाबा, बाहेर पेशंट बसलेत, तुम्ही मीठ कमी करा, बाकीचं नंतर बोलू. मग मीही विसरलो. दुखत कुठे होतं?"

मला तो फोन आठवत नव्हता. मी आठवायचा खूप प्रयत्न केला, आजही करते. आठवत नाही. त्या दिवशी बाहेर बसलेल्या पेशंटचे फॉर्म मात्र कपाटात असतील, चौदाच्या चौदा उत्तरांसकट.

बाबांनी माझ्या गुडघ्यावरच्या कागदावर बोट ठेवलं.

"लिही," ते म्हणाले. "आता कुणी बसलेलं नाहीये बाहेर."