महाराजांचं मौन आणि गायब कंपायलर

"चाललं! चाललं!"

संगणक वर्गात ही झुंबड. अकरा मशीनं मख्ख, आणि बाराव्याभोवती आम्ही माना उंचावून उभे. दोघा-तिघांनी तर चक्क हात जोडले.

जोडले ते आमच्या देखभाल तंत्रज्ञाला. त्यांना आम्हीच 'महाराज' म्हणायचो. आधी थट्टेनं, आज मनापासून. सकाळी सगळ्या मशीनांचं अपडेट झालं आणि कंपायलरच नाहीसा झाला. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेलसा करतो तो हा कंपायलर. त्याला बोलवावं तर पडद्यावर नुसती लाल अक्षरं. आणि लाल दिसलं की खिडकी बंद करायची, ही आमच्या वर्गाची जुनी खोड.

"अपडेटनं मशीनचा आत्मा हललाय," महाराज घाम पुसत म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला बाहेर काढून वीस मिनिटं मौन धरलं. आता पुढचं मशीन उद्या. दिवसाला एकच झेपतं मला!"

"उद्या?" आक्का रडवेल्या झाल्या. वर्गात सगळ्यांत मोठ्या त्याच. पंधरा वर्षं संसार करून पुन्हा शिकायला आलेल्या. आज त्यांची परीक्षा. चारला परीक्षक येणार, प्रोग्राम आपल्याच मशीनवर चालवून दाखवायचा, नाहीतर वर्ष वाया. पुढच्या वर्षी घरचे पाठवतील याचा काय भरवसा? "अहो, तीन वाजलेत. माझं आजच करा ना!"

"तुमचं मशीन रुसलंय, ताई. त्याच्या कलानं घ्यावं लागतं."

माझं डोकं सणकलं. पण मी तरी काय दिवे लावले होते? सकाळपासून दहादा तीच लाल खिडकी मीही बंद केली होती.

आक्कांनी आपल्या मशीनसमोर बसून कंपायलरला बोलावलं. लाल अक्षरं उमटली. माझा हात सवयीनं पुढे गेला, तो त्यांनी झटकला.

"थांब गं! वाचू तरी दे."

इंग्रजी त्यांना अडखळतच यायचं. पडद्यावर बोट ठेवून एकेक शब्द लावत गेल्या. "कंपायलर सापडला नाही... अपडेटमध्ये काढला गेलाय... परत बसवायचा तर खालची ओळ टाइप करा." खाली ओळ होतीच, वीतभरही नाही. त्यांनी ती टाइप केली. उत्तर आलं: डाउनलोड सुरू, अंदाजे वीस मिनिटं.

"वीस?" मी महाराजांकडे वळले. "हेच का तुमचं मौन?"

"त्या ओळीतही शक्ती असते..."

"कसली शक्ती! ती टाइप करताना कुणी बघू नये म्हणून बाहेर काढलंत आम्हाला. बारा जणांनी एकदम टाइप केली असती तर सकाळीच सुटलो असतो!"

महाराजांना अचानक दुसरीकडे काम आठवलं.

साडेतीनला आक्कांचा प्रोग्राम चालला. चारला परीक्षकांनी पाहिला, सही केली. आक्कांनी डोळे पुसले.

खरा संताप मला आला तो यानंतर. सकाळपासून शेजारी बसलेला एक पदवीधर पुढे आला नि म्हणाला, "आक्का, तुमचा हातगुण चांगला दिसतोय. जरा माझ्या मशीनवर हात ठेवता?"

आक्कांनी त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

"मला धड इंग्रजी वाचता येत नाही, तरी वाचलं. तुम्हा शिकलेल्यांना येतं, आणि तुम्ही हात जोडत फिरता! कारण समोर लिहिलंय, उपायही लिहिलाय. बस इथं. मोठ्यानं वाच."