डोळ्यांची गाडी

इंजिन चालतंय?

चालतंय. निफाडच्या शाळेच्या पटांगणात ट्रस्टची डोळे तपासायची बस उभ्या जागी थरथरत होती. मागच्या कप्प्यातला जनरेटर कानठळ्या बसवत होता. आणि काळ्या काचांच्या आत, भर दुपारी, मिट्ट काळोख.

कुंदनने मीटर लावला. शून्य.

मग वीज का नाही?

ते शोधायलाच, विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतो म्हणून, त्याला रांगेतून ओढून आणलं होतं. रांगेत पहिली त्याची आई, सरुबाई. मोतीबिंदू पिकत चाललेला. झेंडूच्या ढिगातलं सुकलेलं फूल तिला आता हातानेच कळायचं. नाशिकचं नाव काढलं की "तिथं डोळा काढून घेत्यात" म्हणून उंबरा धरून बसायची. दोन वर्षं. गाडी गावात येतेय, नुसतं बघतात, हात लावत नाहीत, अशी कुंदनने स्वतःची शपथ घेतली, तेव्हा कुठे आज उठली.

स्विच? वर आहे.
वायर? शाबूत.
फिरत्या भागाला घासणारे कार्बन?

काढून पाहिले. कोरे करकरीत. कुंदन थबकला. तीन वर्षांच्या गाडीत कार्बन झिजलेच नाहीत?

"मोतीरामकाका, याच्यावर शेवटचा लोड कधी टाकला होता?"

ड्रायव्हर मोतीराम तंबाखू मळत होता. "मागल्या उद्घाटनाला. तीन वर्सं झाली. हार लय आलते तवा."

"आणि मधी?"

"शेडमधी. उंदरांनी पिल्लं घातली व्हती."

म्हणजे जनरेटर बिघडला नव्हताच. लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असावं लागतं, त्यावर पुढची वीज उभी राहते. पडून पडून तेवढंही विरलं होतं. उपाय अर्ध्या मिनिटाचा: बॅटरीच्या दोन वायरी कार्बनला टेकवायच्या.

ट्रस्टचे रावजीअण्णा घामाघूम होऊन आले. "उद्घाटनाचे पाहुणे विंचूरला पोचले. आवाज येतोय ना? मग बास. फोटोला फ्लॅश असतो. ऱ्हाऊ दे आता."

"ऱ्हाऊ कसं दिऊ? पहिला नंबर माझ्या आईचा हाय."

"अरे, ऐक माझं. ऱ्हाऊ दे."

कुंदनने वायरी टेकवल्या. चट्कन ठिणगी. मीटर दोनशे तीसवर. आत एकामागून एक ट्यूब लागल्या.

तो पायऱ्या चढून आत गेला. एक खुर्ची, प्लॅस्टिक न काढलेली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. खुर्चीसमोर, यंत्र बसवायच्या जागी, चार भोकं. त्यांत बोल्ट कधी गेलाच नव्हता. कडांचा रंगसुद्धा उडाला नव्हता.

"म्हणून म्हणत होतो," मागून अण्णा म्हणाले. आवाज जवळजवळ मायेचा.

खाली सरुबाईला एवढा उजेड मात्र कळला. "लागली गं लाइट! माझ्या कुंदननं लावली," तिने मागच्या नवसाबाईला ऐकवलं, आणि कुणी बोलवायच्या आत पायरी चाचपत चढलीसुद्धा. खुर्ची सापडली. बसली. पदर नीट केला, हनुवटी वर केली आणि भोकांच्या दिशेने डोळे ताणून उघडे धरले.

"हात लावायचा नाय, सांगितलंय ना त्यांना?"

"सांगितलंय आई," कुंदन म्हणाला. "कुणी हात लावत नाय."