मागं फिरायचं न्हाई

बनसोडे मॅडमनी गणिताची उत्तरपत्रिका जगदाळे सरांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "तुमची राजनंदिनी. पन्नासपैकी सव्वीस."

बाळासो जगदाळे सरांनी आधी कप उचलला, मग उत्तरपत्रिका. गणिताशी त्यांचा संबंध दहावीलाच संपला होता आणि त्याबद्दल दोन्हीकडून काही तक्रार नव्हती. कराडजवळच्या या सरकारी निवासी शाळेत ते अठ्ठावीस वर्षं खेळाचे शिक्षक होते. प्रवेश परीक्षा घेऊन हजारांतून ऐंशी मुलं निवडणारी शाळा ही. इथं पोरगं गणितात मागं पडलं की घरी पत्र जायचं, धावण्यात मागं पडलं तर कुणाला पत्ताही लागायचा नाही. परीक्षा जवळ आली की पहिला बळी खेळाच्या तासाचा जाई. सर ते हसून सोडून देत. त्यांचा जीव एकाच ठिकाणी अडकलेला होता, मुलींच्या खो-खोच्या संघात.

विभागीय स्पर्धा दहा दिवसांवर आल्या होत्या, सांगलीला. तिथं जिंकलं की राज्य स्पर्धा, आणि राज्य स्पर्धेला शाळेचा संघ आजवर एकदाही गेला नव्हता. मे महिन्यात सर निवृत्त होणार होते, म्हणजे ही शेवटची संधी. राजनंदिनी फलटणकडची, दहावीतली, पळायला लागली की पंचांचीही मान दुखावी अशी. पण गणितात साठ टक्क्यांच्या खाली असलेल्याला सामन्यांसाठी बाहेरगावी न्यायचं नाही, असा शाळेचा नियम. साठ टक्के म्हणजे तीस गुण. चार कमी होते.

"मॅडम, चार गुणांनी काय आभाळ कोसळतंय?" सर म्हणाले.

"गुणांचं राहू द्या. हे बघा." मॅडमनी पानं उलटली. मध्येच चार प्रश्न कोरे होते. हेच प्रश्न पोरगी फळ्यावर दोन मिनिटांत सोडवते, असं मॅडमचं म्हणणं. बरं, वेळ कमी पडला म्हणावं तर शेवटचा अर्धा तास ती पेनाला टोपण लावून खिडकीबाहेर बघत बसली होती. बावीस वर्षं शिकवतेय, असला प्रकार पाहिला नाही, असं म्हणून मॅडमनी चष्मा काढून पुसला.

पोरीला बोलावून घेतलं. ती आली ती मैदानावरूनच, कपाळावर घाम, हातांना लाल माती. सरांनी कोरे प्रश्न दाखवून दरडावल्यावर म्हणाली, "ती गणितं अडली म्हणून सोडून पुढं गेले, सर."

"मग नंतर करायची न्हाईत व्हय?"

"तुमीच सांगितलंय की. एकदा दिशा घेतली की मागं फिरायचं न्हाई."

सरांच्या हातातला कप तसाच राहिला. खो-खोत पाठलाग करणाऱ्या गड्यानं एकदा दिशा घेतली की उलटं फिरता येत नाही, फिरला की फाऊल. हे खरंच. पण सरांची जीभ तेवढ्यावर कुठली थांबायला? दर प्रार्थनेला, दर पंधरा ऑगस्टला ते पोरांना बजावायचे की खेळात तेच आयुष्यात, मागं वळून बघायचं नाही. पोरं टाळ्या वाजवायची. त्यातल्या एकीनं ते मनावर घेतलं होतं आणि थेट गणिताच्या पेपरात लावलं होतं. सरांना हसू आलं, पण ते टिकलं नाही. अठ्ठावीस वर्षांत अशा आणखी किती पोरांनी कोरे प्रश्न ठेवले असतील, कोण जाणे.

"नंदे, माझी चूक झाली," ते म्हणाले.

"आवं सर, तुमी कुठं चुकलाय?"

"चुकलोय. बोलायच्या भरात अर्धंच सांगितलं." त्यांनी कप खाली ठेवला. "आता मला सांग, खांब ओलांडल्यावर काय करता येतं?"

"खांबापलीकडं कसंबी फिरता येतं. तिथं दिशा लागत न्हाई."

"मग पेपरातला शेवटचा प्रश्न म्हंजे खांब. तो गाठलास की फीर मागं. कुणी फाऊल देत न्हाई."

पोरीच्या चेहऱ्यावर लख्ख उजाडलं. बनसोडे मॅडम बघतच राहिल्या. याच पोरीला त्यांनी 'सुटलेले प्रश्न बघ' असं निदान पन्नास वेळा सांगितलं असेल, पण ते तिच्या भाषेत सांगायला खेळाचा मास्तर लागला.

मॅडम नियमाच्या पक्क्या होत्या. एकटीसाठी फेरपरीक्षा घेणार नाही म्हणाल्या. तीसच्या खाली असलेल्या अकराही जणांची घेतली. त्याआधी आठ दिवस राजनंदिनी सकाळी मैदानावर आणि संध्याकाळी मॅडमच्या टेबलाशी. ती पेपर सोडवायची आणि मॅडम शेजारी उभ्या राहून एकच घोष लावायच्या, "मागे फीर, नंदिनी, मागे फीर." शुक्रवारी निकाल लागला. चौतीस. मॅडमनी सरांना मुद्दाम सांगितलं, त्यातला एक गुणही मी फुकट दिलेला नाही.

शनिवारी संघ सांगलीला पोचला. दुपारी अंतिम सामन्याला पंधरा मिनिटं उरली असताना मैदानाच्या कडेला बनसोडे मॅडम उभ्या दिसल्या, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. माधवनगरला मावशीकडं आले होते, म्हटलं जाता जाता डोकावून जावं, असं त्या म्हणाल्या. सरांनी मावशीची चौकशी केली नाही. खुर्ची आणून दिली.

मॅडमनी जन्मात खो-खोचा सामना बघितला नव्हता. पहिली पाच मिनिटं त्या खुर्चीत नीट बसल्या. मग खुर्ची सोडून रेषेपाशी आल्या. मग समोरच्या संघाच्या पालकांशी त्यांचं दोनदा वाजलं. शेवटच्या डावात गुण बरोबरीत आले, वीस सेकंद उरली, समोरची एकच पोर बाद व्हायची होती, आणि राजनंदिनी तिच्या मागे वाऱ्यासारखी सुटली. त्या पोरीनं हुलकावणी दिली आणि ती बगलेतून मागं निसटली. आता राजनंदिनीनं शेजारी बसलेल्या गड्याला खो द्यायचा, एवढंच. पण मॅडमना दिसलं ते इतकंच की सावज हाताच्या अंतरावर मागं राहिलंय. त्यांना राहवेना.

"नंदिनी, मागे फीर!"

आठ दिवसांची सवय. तो आवाज ऐकला आणि पोरगी गर्रकन मागं फिरली. पंचांची शिट्टी वाजली, फाऊल. तो निस्तरेपर्यंत वेळ संपला. जादा डाव झाला आणि त्यात संघ एका गुणानं हरला.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. कुणी सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं. सरांसमोर उभं राहून म्हणाल्या, "माझ्यामुळं झालं हो, सर. तुमची राज्य स्पर्धा गेली."

सरांना वाईट वाटलं नाही असं नाही, फार वाटलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मग म्हणाले, "मॅडम, एका पोरीला दोन गुरू असल्यावर असं एखाद्या वेळी व्हायचंच."

राजनंदिनी आली. गुडघा सोलवटलेला, डोळे लाल. मॅडम बाटलीतलं पाणी तिच्या गुडघ्यावर ओतायला लागल्या आणि दुसऱ्या हातानं पदराला डोळे पुसत राहिल्या. पोरीनंच त्यांचा हात धरला. "रडू नगा, मॅडम. तुमी शिकवलं नसतं तर मी आज सांगलीलाच आले नसते. इतकं लय झालं."

बक्षीस समारंभाआधी सर टेबलाकडं गेले. उपविजेत्या संघाच्या प्रमाणपत्रांसाठी कागद भरायचा होता. मार्गदर्शकाच्या रकान्यात त्यांनी आपलं नाव लिहिलं. खाली सहायक मार्गदर्शकाचा रकाना होता. तिथं अठ्ठावीस वर्षं ते आडवी रेघ मारत आले होते. आज त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, प्रियदर्शनी बनसोडे, विषय गणित.

टेबलामागच्या कारकुनानं कागद बघितला. "सर, इथं खेळाचा मास्तर लागतोय. गणित कशाला?"

"असू दे रं," सर म्हणाले. "नाव मात्र नीट छाप. प्रियदर्शनी."