मालमत्ता : एक बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यापासून चार मैल आत एक गाव आहे, तिथल्या बौद्ध वस्तीत माझं आयुष्य गेलं. माझे चारही खूर बाभळीचे. त्यांतला एक झिजून आखूड झाला आहे, त्यामुळे कुणी बसलं की मी एका अंगाला कलते. मी जे सांगणार आहे त्यात आनंदाच्या गोष्टी थोड्या आहेत. तरी ऐका.

मला घडवलं रेवणप्पा सुताराने, बहात्तरच्या दुष्काळात. नागूबाईने बांधावरची वाळलेली बाभूळ त्याच्यापुढे आणून टाकली आणि म्हणाली, "लेक पहिल्या बाळंतपणाला येणार हाय. तिला भुईवर निजवायची न्हाय मला." रेवणप्पाने सुंभ इतकं ताणून विणलं की नवी असताना बोट मारलं तरी मी वाजायची. त्या लेकीचं नाव भीमा. ती आली, माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "आये, ही तर पाटलाच्या घरात शोभंल की!" ते माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कौतुक.

पण भीमा माझ्यावर फार दिवस निजली नाही. घरात ज्वारीचा दाणा नव्हता. मायलेकी दोघी रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. भीमाला आठवा महिना लागला होता. फाल्गुनातल्या एका भर दुपारी कामावरच तिला रक्त जायला लागलं. नागूबाईचा नवरा यशवंत आणि भावकीतले तिघे मला न्यायला धावत आले. त्यांनी माझ्या दोन्ही बाजूंना बांबू बांधले, मला कामावर नेऊन भीमाला वर घातलं आणि चौघे मला खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्याकडे निघाले.

रस्त्यावर सावली नव्हती. नागूबाई लेकीच्या तोंडावर पदर धरून उभी राहिली. ट्रक यायचे, जरा हळू व्हायचे, भिजलेलं सुंभ बघायचे आणि पुढे जायचे. "आये, लई गार लागतंय गं," भीमा म्हणाली. त्या उन्हात! पाचवा ट्रक थांबला, पण तोवर ती गेली होती. पोटातलं बाळही तिच्याबरोबर गेलं.

जावयाने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. वस्तीतली माणसं म्हणाली, ही बाज जाळून टाका. नागूबाईने ऐकलं नाही. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून तिने मला मातीने घासलं. घासता घासता ती म्हणाली, "हिचा काय दोष? उशीर आपल्याला झाला."

त्या काळी हेमावती नावाची नर्स आठवड्यातून एकदा गावात यायची. ती अक्कलकोटकडची, मराठी बोलता बोलता मधेच कानडीत शिरायची. एके दिवशी नागूबाईने तिला माझ्यावर बसवलं आणि सरळ विचारलं, "नर्सबाई, माझी भीमा कशानं मेली?"

 हा प्रश्न हेमावतीला आजवर कुणी विचारला नव्हता. मग तिने सगळं सांगितलं : अंगातलं कमी रक्त, जड काम, लांबचा दवाखाना.

"ह्ये आधी कळतं व्हय?"

"कधी कळतं, कधी नाही, मावशी. पाय सुजतात, डोकं दुखतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. पण रक्त दिसलं की मग कशासाठी थांबायचं नाही."

त्या दिवसापासून नागूबाई घरोघर हिंडू लागली. गर्भार बाईच्या घोट्यावर अंगठा दाबायची. खळगा तसाच राहिला की नर्सबाईंना निरोप धाडायची. आणि नड पडली की यशवंत आणि ते तिघे मला उचलायचे. पण आम्ही वस्तीतल्याच बायांना न्यायचो. गावातली घरं आम्हाला बोलवत नव्हती.

पंच्याहत्तर साली गावातले मोठे शेतकरी चनमल्लप्पा यांची सून दानम्मा बाळंतपणात अडली. दिवस उलटला तरी सुटका होईना. सकाळी नागूबाई चौघांना घेऊन त्यांच्या दारात गेली. मला अंगणाबाहेरच उभं केलं होतं.

"तिच्यावर बाई मेलीया," चनमल्लप्पा म्हणाले. "माझी सून तिच्यावर निजणार न्हाय."

दुसरंही एक कारण होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण तिथल्या सगळ्यांना ते माहीत होतं. आम्ही परत आलो.

ऊन डोक्यावर आल्यावर चनमल्लप्पा स्वतः वस्तीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. पायात वहाण नव्हती. "नागूबाई, तुझी बाज..." एवढंच ते म्हणाले. नागूबाईने त्यांना पुढचं बोलू दिलं नाही. चौघे धावतच सुटले. त्या दिवशी रस्त्यावर ट्रक लगेच मिळाला आणि मी दानम्मासकट सोलापूरच्या दवाखान्यात पोचले. दानम्मा वाचली. बाळ मात्र पोटातच गेलं होतं, आणि आता तिला पुन्हा मूल होणार नव्हतं.

मग हेमावतीने ठरवलं की या कामाचं मंडळ करायचं. मंडळ असलं तर औषधं मागता येतील, एक खोली मागता येईल, कधीतरी गाडीही मागता येईल. तिने अर्ज लिहिला. कागदावर सात माणसं हवी होती. ती सरकारी नोकर, तिची सही चालणार नव्हती. नागूबाई, यशवंत, ते तिघे आणि रेवणप्पा सुतार मिळून सहा झाले. सातवं नाव गावात कुणी देईना.

आणि एका सकाळी दानम्मा भिंत धरत धरत वस्तीत आली. मागोमाग चनमल्लप्पा आले.

"आमच्या घरच्या बाईचं नाव असल्या कागदावर? घरी चल."

दानम्मा माझ्यावर बसली होती. तिचा आवाज अगदी बारीक होता. "मामा, त्या दिवशी सकाळी तुमी न्हाय म्हणलात, तवा ते आत हालत होतं."

 तिने अंगठ्याला शाई लावून घेतली आणि कागदावर उठवला. चनमल्लप्पा तसेच माघारी गेले. दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन सोलापूरला जायला त्यांची बैलगाडी जुंपून नागूबाईच्या दारात उभी होती. गडी हाकायला होता. ते स्वतः आले नाहीत.

पुढचं मी नागूबाईच्या तोंडून ऐकलं. कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "संस्थेची मालमत्ता काय?"

"म्हंजी?"

"जागा, इमारत, सामान. काय आहे तुमच्याकडं?"

"एक बाज हाय," नागूबाई म्हणाली.

त्याने वर पाहिलं. ती थट्टा करत नाही, हे त्याला कळलं. मग त्याने नीट अक्षरात लिहून घेतलं : बाज, लाकडी, एक. मित्रांनो, तसा मान माझ्यासारखीला सहसा मिळत नाही.

पुढची दोन वर्षं मी पुष्कळ फिरले. आसपासच्या पाच गावांतून निरोप यायचे. किती जणी वाचल्या हे मी अभिमानाने सांगितलं असतं, पण मला न वाचलेल्याच जास्त आठवतात. एकीच्या सासरच्यांनी मुहूर्त बघितला. एक वाटेतच, ओढ्याच्या काठावर गेली.

मग मंडळाला कुणीतरी जुनी जीप दिली. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. मला मागच्या खोलीत टाकलं. माझ्यावर कांदे वाळत घातले. छपरातून पाणी गळून सुंभ कुजलं, एका खुराला वाळवी लागली. कुणी बघितलं नाही. मी रागावले नाही. जीप माझ्यापेक्षा वेगाने धावत होती.

पण एकोणऐंशीच्या भाद्रपदात काळ्या रानात जीप रुतली आणि पलीकडच्या वाडीत एक बाई रक्तात पडून होती. तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. मला बाहेर काढलं, तिला घातलं, आणि अर्ध्या वाटेत माझं सुंभ तुटलं. लुगडी बांधून मला पुन्हा विणेपर्यंत जो वेळ गेला, तो तिला पुरला नाही. तिचं नाव मला कळलंसुद्धा नाही.

त्यानंतर नागूबाईने मला स्वतःच्या हाताने नवं सुंभ घातलं. आता दर महिन्याला ती ते ओढून बघते. ती थकली आहे, तरी आठवा महिना लागलेल्या प्रत्येक बाईच्या घरी जाते आणि घरच्यांना एकच विचारते :

"मेल्यावर खांदा द्यायला न बोलावता चौघं येतात. ही जिती हाय तवर तिला उचलणार कोण? त्या चौघांची नावं सांगा."

घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. नागूबाई उठत नाही. चार नावं मिळेपर्यंत ती उंबऱ्यावर बसून राहते.

मित्रांनो, तुमच्या घरात, तुमच्या आळीत अशी कुणी असेल, तर ती नावं आधी ठरवा. आणि कुणी तुमच्या उंबऱ्यावर येऊन बसलं, तर तिला फार वेळ बसवून ठेवू नका. तुमचं नाव सांगा.